घरातला बिडी-सिगारेटचा वास झाकू नका, धुऊन काढा



सण जवळ आला की आपण सगळ्याच जणी घर काढतो. जाळ्या झाडतो, भिंती पोतारतो, भांडी उन्हात मांडतो, गोधड्या धुतो. एवढं करूनही काही घरांत पाऊल टाकलं की बिडीचा नाहीतर सिगारेटचा वास येतोच. ओढणारा माणूस शेतात गेलेला असतो, बिडी विझून चार तास झालेले असतात, तरी वास जागच्या जागी. गोधडीत, उशीत, दाराच्या पडद्यात, लेकरांच्या दप्तरात.

"माणसांचं घर आहे, यायचाच वास," असं म्हणून आपण सोडून देतो. पण हा वास सोडून देण्यासारखा नाही. म्हणून या अंकाचा धडा त्याच्यावर आहे. यात तीन गोष्टी शिकायच्या आहेत. हा वास नेमका कशाचा, तो घरातून काढायचा कसा, आणि एकदा काढल्यावर परत येऊ नये म्हणून घरात आणि गटात काय ठरवायचं. शेवटी बैठकीत चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.

१. हा वास म्हणजे काय?

फोडणीचा वास येतो आणि घटकाभरात जातो. बिडीचा जात नाही. कारण बिडी-सिगारेटचा धूर म्हणजे नुसती वास असलेली हवा नव्हे. त्यात डोळ्यांना न दिसणारे बारीक कण असतात, डांबरासारखा चिकट पदार्थ असतो आणि निकोटिन असतं. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सुमारे ७० कॅन्सर करणारी आहेत, हे आता सिद्ध झालेलं आहे.

हा धूर वर चढतो. पत्र्याला, आढ्याला, पंख्याला, भिंतींना लागतो आणि तिथं थर धरतो. चुलीवरच्या आढ्याला काजळी धरते ना, तसंच. फक्त हा थर काळा नसतो, पिवळट-तपकिरी असतो, म्हणून चटकन दिसत नाही. कापडात आणि कापसात तर तो आतपर्यंत मुरतो.

मग हा थर थोडाथोडा परत हवेत सुटत राहतो. उन्हाळ्यात पत्रा तापला की जास्त सुटतो. पावसाळ्यात हवा दमट झाली, दारं-खिडक्या लावल्या, की पुन्हा जाणवतो. म्हणजे बघा, वास येतोय याचा अर्थ धूर अजून घरातच आहे. फक्त तो दिसत नाही.

ओढणाऱ्याच्या छातीत जातो तो पहिला धूर. त्याच्याजवळ बसलेल्यांच्या छातीत जातो तो दुसरा. आणि घराला, कपड्यांना चिकटून राहतो तो तिसरा. या तिसऱ्या धुरावर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी सिगारेट ओढणाऱ्यांनी सोडलेली घरं तपासली. ती घरं दोन-दोन महिने रिकामी होती, साफसफाई झालेली होती. तरी तिथल्या भिंतींवर आणि धुळीत निकोटिन सापडलंच, आणि नंतर राहायला आलेल्या, कधीही न ओढणाऱ्या माणसांच्या बोटांवरही सापडलं. हे संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१० मध्ये, तिथल्याच लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की घरात चिकटलेल्या निकोटिनची हवेतल्या एका आम्लाशी गाठ पडली की त्यातून कॅन्सर करणारी नवी रसायनं तयार होतात.

आता आपल्या घरात जमिनीवर सगळ्यात जास्त कोण असतं? रांगणारं लेकरू. ते फरशीवर हात टेकतं, गोधडी चोखतं, आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसतं, तेच हात तोंडात घालतं. मोठ्या माणसापेक्षा ते श्वासही भरभर घेतं. धुराच्या घरातल्या लेकरांना न्यूमोनिया, दमा, कान फुटणं हे जास्त होतं. गरोदर बाईच्या नशिबी धूर आला तर बाळ कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो.

"बिडी काय, पानात गुंडाळलेली, ती हलकी असते," असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. बिडीत तंबाखू कमी असते, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, म्हणून बिडी विझू नये यासाठी जोरजोरात आणि वरचेवर ओढावी लागते. त्यातून निकोटिन, डांबर आणि विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच मिळतात.

आणि हा त्रास दोन-चार घरांचा नाही. २०१६-१७ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूबद्दल देशभर पाहणी केली. तिच्यात ३८.७ टक्के मोठ्या माणसांना स्वतःच्या घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो, असं दिसलं. दहातली जवळजवळ चार माणसं. लेकरं त्यात मोजलेलीच नाहीत.

२. आधी परीक्षा करा

नाकाला सवय होते. रोज त्याच घरात राहणाऱ्या बाईला वास येईनासा होतो. म्हणून "आमच्या घरात नाही येत" असं म्हणण्याआधी दोन परीक्षा करा.

पहिली, कापडाची परीक्षा. जुन्या पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा ओला करून पिळा. ओढणारा माणूस जिथं बसतो तिथली वरची भिंत, पंख्याचं पातं, खिडकीची काच, घड्याळाची काच पुसा. कापडाला पिवळा-तपकिरी चिकट डाग आला तर तो बिडीच्या धुराचा थर समजा. चुलीची काजळी काळी असते आणि बोटांवर भुकटीसारखी येते. हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी, नाकाची परीक्षा. दिवसभर बाहेर राहून, शेतातून किंवा बाजारातून आल्यावर दार उघडताच पहिला श्वास घ्या. किंवा गटातल्या एखाद्या मैत्रिणीला बोलवा आणि तिला सांगा, "खरं सांग, लाजू नको."

३. कशाचा उपयोग होत नाही

उदबत्ती, धूप, ऊद : यांनी वासावर वास चढतो. शिवाय हाही धूरच आहे. म्हणजे धुराच्या घरात आणखी धूर. दम्याच्या माणसाला याने जास्त त्रास होतो.

सुवासाचे फवारे आणि डांबरगोळ्या : पैसे जातात, थर जागेवर राहतो.

फिनेल : फरशी पुसायला ठीक, पण वास वरून येत असतो, भिंतीतून आणि कपड्यांतून. फरशीला कितीही फिनेल लावलं तरी तो कमी होत नाही.

वरून रंग मारणं : भिंत न धुता डिस्टेंपर मारलं तर थोड्या दिवसांनी पिवळे डाग रंगातून वर येतात आणि मागोमाग वासही. रंगाचा खर्च वाया.

खिडकी उघडून घरातच ओढणं किंवा "मी आतल्या खोलीत ओढतो" म्हणणं : धूर खोली बघून थांबत नाही. दाराखालून, पत्र्याच्या फटीतून सगळ्या घरात फिरतो.

४. सफाईच्या आधी एक अट

नळ चालू ठेवून फरशी पुसत बसलो तर फरशी कधी कोरडी होईल का? तसंच हे आहे. घरात ओढणं चालू असेल तर सफाई करण्यात अर्थ नाही, आठ दिवसांत पुन्हा जैसे थे. म्हणून आधी घराचा एक नियम ठरला पाहिजे : बिडी-सिगारेट उंबरठ्याच्या आत नाही. ओसरीत नाही, मोरीत नाही, पाऊस असला तरी नाही. हा नियम घरात कसा करवून घ्यायचा, ते पुढे सांगितलं आहे. नियम ठरला की मगच बादली भरा.

५. सफाई कशी करायची

तीन-चार दिवसांचं काम आहे. कडक ऊन पाहून करा. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात उन्हाची कमी नाही आणि ते फुकट आहे. क्रम मात्र सोडू नका : आधी सामान बाहेर, मग वरून खाली, शेवटी जमीन. जमीन आधी पुसली तर वरचं घाण पाणी परत तिच्यावरच पडतं.

लागणारं सामान : धुण्याचा सोडा, कपडे धुण्याची पावडर, खायचा सोडा, पांढरा व्हिनेगर म्हणजे सिरका (नाहीतर लिंबूसत्व), जुने सुती कपडे, दोन बादल्या, रबरी हातमोजे.

दोन प्रकारचं पाणी का लागतं, ते समजून घ्या. डांबराचा थर तेलकट असतो. तो साबणाच्या आणि सोड्याच्या पाण्यानं सुटतो, जशी तव्याची चिकटी सुटते. निकोटिन मात्र आंबट पाण्यात चांगलं विरघळतं. म्हणून आधी सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग आंबट पाणी, असं केलं की दोन्ही निघतात.

सोड्याचं पाणी : १० लिटरच्या बादलीत कोमट पाणी, एक वाटी धुण्याचा सोडा आणि दोन चमचे पावडर.
आंबट पाणी : एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी. किंवा एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व.

*पहिला दिवस : कापड आणि कापूस.* गोधड्या, चादरी, पडदे, सतरंज्या, टीव्हीवरचं कापड, खुंटीवरचे सदरे, दप्तरं, सगळं बाहेर काढा. आधी झटका. मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी खायचा सोडा टाकून रात्रभर भिजवा. सकाळी नेहमीप्रमाणे पावडर लावून धुवा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर टाकून खळबळा आणि कडक उन्हात वाळवा. रंगीत लुगडी सावलीच्या कडेला घाला. वाळल्यावर हुंगून बघा. वास राहिला असेल तर पेटीत ठेवू नका, पुन्हा धुवा. एक वासाचा सदरा पेटीतल्या सगळ्या कपड्यांना वास लावतो.

गादी-उशी धुता येत नाही. तिच्यावर खायचा सोडा भुरभुरवून रात्रभर ठेवा, सकाळी झटकून काढा आणि दोन्ही बाजूंनी दोन-तीन दिवस उन्हं द्या. तरीही वास गेला नाही तर खोळ उसवून कापूस पिंजून घ्या, खोळ धुवा आणि पुन्हा भरा. वर्षानुवर्षे ओढणाऱ्याच्या डोक्याखालची उशी मात्र बदलणंच बरं. तिच्यावर मेहनत घालू नका.

*दुसरा दिवस : वरचा भाग.* मेन स्विच बंद करा. पंख्याची पाती, दिवे, पत्र्याची आतली बाजू, लाकडी आढं, मांडणी सोड्याच्या पाण्यात पिळलेल्या कापडानं पुसा. फडकं पाण्यात पिवळं झालं की पाणी बदला. बटणांच्या पाटीवर पाणी मारायचं नाही. कापड पिळून, जवळजवळ कोरडं करूनच पुसायचं.

उन्हाळ्यात आपल्याकडं कूलर लागतो. कूलरच्या बाजूंना लावलेलं गवत किंवा वाळा खोलीतला धूर धरून ठेवतो आणि दरवर्षी थंड हवेबरोबर तोच वास घरभर फेकतो. हे गवत बदला. टाकी आणि पंखा सोड्याच्या पाण्यानं धुवा.

*तिसरा दिवस : भिंती.* ऑइलपेंटची भिंत असेल तर सोड्याच्या पाण्यानं, मग साध्या पाण्यानं, मग आंबट पाण्यानं पुसा आणि दारं-खिडक्या उघडून वाळू द्या. डिस्टेंपरची भिंत जास्त ओली करू नका, रंग निघून येतो. पिळलेल्या कापडानं पुसा, वाळवा, मग रंग द्यायचा तर द्या.

चुन्याची भिंत असेल तर जुने पापुद्रे खरवडून काढा, झाडा आणि मगच नवा हात द्या. चुन्याच्या भिंतीला आंबट पाणी लावू नका, आंबटानं चुना खाल्ला जातो.

मातीची भिंत धुता येत नाही, पण तिचं एक बरं आहे : वरचा थर काढून टाकता येतो. खुरप्यानं वरचा पातळ थर खरवडा, ती माती घराबाहेर लांब टाका, आणि नव्या मातीनं लिपून पोतारा द्या. खरवडल्याशिवाय वरून पोतारलं तर वास आत तसाच राहतो.

*चौथा दिवस : जमीन आणि बारीकसारीक.* सिमेंटची जमीन आणि चिनी मातीची फरशी सोड्याच्या पाण्यानं घासून धुवा. शहाबादी फरशीला आंबट पाणी चालत नाही, ती खराब होते. शेणानं सारवलेली जमीन असेल तर जुना थर उकरून नव्यानं सारवा. काचा, तसबिरी, घड्याळ, स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या खुर्च्या आंबट पाण्यानं पुसा. जुनी कॅलेंडरं, प्लास्टिकची फुलं, वर्षानुवर्षांची तोरणं काढून टाका. त्यांच्यात थर असतो आणि ती स्वच्छ होत नाहीत. बिडीची थोटकं आणि राखेची डबी आधी बाहेर काढा. रांगत्या लेकरानं थोटूक तोंडात घातलं तर विषबाधा होऊ शकते.

यानंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी ठेवा. खोलीच्या कोपऱ्यात उघड्या भांड्यात लाकडी कोळसा ठेवला तर तो राहिलेला थोडा वास ओढून घेतो. पण कोळसा हा मदतनीस आहे, सफाईच्या बदल्यात नाही. जुना थर एका वेळेत पूर्ण निघत नाही. महिन्यानं पुन्हा कापडाची परीक्षा करा आणि डाग येईल तिथं पुन्हा पुसा.

६. सावधगिरी : हे नीट वाचा

• ब्लिचिंग पावडर किंवा कपड्यांचं ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. एकाच दिवशी दोन्ही वापरूच नका.
• धुण्याच्या सोड्यानं हात फाटतात. हातमोजे घाला. डोळ्यांत गेलं तर भरपूर पाण्यानं धुवा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना हा सोडा लावू नका, ती काळी पडतात.
• भिंती खरवडताना नाका-तोंडाला ओला रुमाल बांधा. गरोदर सखी, दम्याचे पेशंट आणि लहान लेकरं यांना त्या दिवशी घराबाहेर ठेवा.
• शिडीवर एकटीनं चढू नका. खाली धरायला कुणीतरी असू द्या.

७. गटाच्या मालालाही वास लागतो

ही गोष्ट फार कमी बोलली जाते. पापड, कुरडया, शेवया, मसाले, हळद-मिरचीची पूड, शिवलेले झबले, गोधड्या, हे सगळं वास लवकर धरतं. ओल्या पापडाला तर फारच लवकर. माल चांगला असतो, चव चांगली असते, पण पाकीट उघडल्यावर बिडीचा वास आला तर ताई, गिऱ्हाईक तुम्हाला काही बोलणार नाही. फक्त पुढच्या वेळी घेणार नाही. एका घरच्या वासानं दहा जणींच्या मालाचं नाव जातं.

म्हणून ज्या गटांचा घरगुती उद्योग आहे त्यांनी नियमच करावा : ज्या खोलीत माल होतो, वाळतो किंवा भरला जातो, तिथं आणि तिच्या शेजारच्या खोलीतही कुणी ओढणार नाही. माल झाकणाच्या डब्यात राहील. पाकिटं, लेबलं आणि पोतीही वेगळ्या पेटीत राहतील, कारण कागद आणि पोतं वास धरतात.

८. घरात कसं बोलायचं

धुणं-पुसणं आपल्या हातचं आहे. बोलणं अवघड आहे. सासऱ्यांना सुनेनं कसं सांगायचं? नवऱ्याला चार माणसांत म्हटलं तर त्याला राग येतो. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवा.

माणसावर बोलू नका, धुरावर बोला. "तुमच्यामुळं घर नासलं" म्हटलं की भांडण सुरू. त्यापेक्षा असं म्हणून बघा : "मामाजी, डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हणून सांगितलंय. निंबाखाली बाज टाकून देते, पाण्याचा तांब्याही ठेवते. बिडी तिथं ओढत जा, अन् हात-तोंड धुऊन मग नातवाला घ्या." यात त्यांचा मान राहतो, त्यांना बसायला जागा मिळते आणि कारण नातवाचं असतं. नातवासाठी आजोबा ऐकतात.

नवऱ्याशी बोलायचं तर बिडी ओढून झाल्यावर, मन शांत असताना बोला. "अहो, सोडा म्हणत नाही आज. फक्त घरात नको." एका पायरीनं सुरुवात करा. पावसात काय करायचं, रात्री थंडीत काय करायचं, हेही तेव्हाच ठरवा. बाहेर एक पत्र्याचा आडोसा करून दिला तर नियम टिकतो. आडोसा नसला की पहिल्या पावसातच बिडी आत येते.

बाहेर ओढून आलेल्या माणसाच्या श्वासात आणि कपड्यांत काही वेळ धूर राहतोच. म्हणून हात-तोंड धुणं आणि लेकराला घ्यायच्या आधी सदरा बदलणं, हाही नियमाचाच भाग.

ज्या घरात बोललं की हात उगारला जातो, तिथं एकटीनं वाद घालू नका. आशाताईंना, घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला किंवा गटाच्या दोन सख्यांना सोबत घ्या. आधी आपला जीव, मग नियम.

आणि हिशेब दाखवा. गटात आपण हिशेब शिकलोच आहोत. समजा दिवसाला २० रुपयांची बिडी-काडी होते. महिन्याला ६०० रुपये, वर्षाला ७,३०० रुपये. आपली महिन्याची बचत किती? हे दोन आकडे एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून ठेवा. भांडू नका, नुसता कागद दिसेल तिथं लावा.

सोडायची तयारी दिसली तर वेळ घालवू नका. सरकारची मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-२३५६. फोन ओढणाऱ्यानं स्वतः करायचा, आपण लावून द्यायचा. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयातही तंबाखू सोडण्याच्या सल्ल्याबद्दल विचारा. सोडल्यावर पहिले काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात पाणी, बडीशेप, एक चक्कर. परत एखादी ओढली तर "झालं, वाया गेलं" म्हणू नका. पुन्हा सुरुवात करता येते.

९. एकटीचं काम गटाचं करा

केरळात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतल्या संशोधकांनी "धूरमुक्त घर" हा उपक्रम वस्त्यांमध्ये राबवला. त्यांना दिसलं, की एकटी बाई घरात सांगते तेव्हा ते ऐकलं जात नाही. पण "आपल्या वस्तीत कुणी घरात ओढत नाही" असं सगळ्यांनी मिळून ठरवलं, की तेच सांगणं सोपं होतं. मग ती एका सुनेची तक्रार राहत नाही, गावाची रीत होते.

आपल्याकडं तर गट आहे, ग्रामसंघ आहे. घरात नियम करायला कायदा येणार नाही, ते आपल्यालाच करायचं आहे. पण घराबाहेरच्या जागांसाठी कायदा आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं आणि २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे. ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी, शाळा, दवाखाना या सगळ्या जागा त्यात येतात. म्हणजे आपली बैठक तिथं होत असेल आणि कुणी बिडी पेटवली, तर "दादा, बाहेर" म्हणायचा आपल्याला हक्क आहे. १८ वर्षांखालच्या मुलाला बिडी आणायला दुकानात पाठवू नका. त्याला विकणं हाही गुन्हा आहे.

पुढच्या बैठकीसाठी

१. आपल्या गटातल्या किती घरांत आत ओढलं जातं? नावं न घेता, चिठ्ठ्या टाकून मोजा आणि आकडा वहीत लिहा.
२. घरात चिकटलेला धूर रांगत्या लेकराच्या पोटात कसा जातो, हे एका सखीनं सगळ्यांना समजावून सांगावं.
३. आधी सोड्याचं पाणी आणि नंतर आंबट पाणी का? कोणत्या भिंतीला आणि फरशीला आंबट पाणी चालत नाही?
४. ब्लिचिंग पावडरीबरोबर काय मिसळायचं नाही?
५. गटाच्या मालासाठी "धूर नको" हा नियम करायचा का? करायचा असेल तर ठराव लिहा आणि सह्या घ्या.
६. कोणत्या एका घरापासून सफाई सुरू करायची? चार सख्या मिळून गेल्या तर चार दिवसांचं काम दोन दिवसांत होतं. हातमोजे आणि शिडी गटाची घ्या, घरोघरी फिरवा.

तीन महिन्यांनी पुन्हा चिठ्ठ्या टाका. पहिला आकडा आणि दुसरा आकडा शेजारी लिहा. आकडा कमी झाला असेल तर आपल्या प्रभागाच्या बैठकीत सांगा, म्हणजे दुसऱ्या गावच्या सख्यांना त्यातून शिकता येईल.